नाव नको, काम सांगा

आमच्या घरी रविवारी मेक्सिकन धाटणीची जी कोंबडी शिजते, तिच्यावर पहिला हक्क ज्या माणसाचा, त्याने उभ्या आयुष्यात अंड्यालासुद्धा हात लावला नव्हता. त्यांच्या घरात कांदा-लसूणही येत नसे. जबलपूरला कमानिया गेटजवळ त्यांचं मसाल्याचं दुकान होतं. सारा बाजार त्यांना सेठजी म्हणायचा, म्हणून मीही सेठजीच म्हणत आले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. कोंबडीच्या लेखात आपलं नाव छापून आलेलं त्यांना मुळीच रुचलं नसतं.

ज्यांनी जबलपूर पाहिलेलं नाही त्यांना कमानिया म्हणजे काय ते सांगायला हवं. 1939च्या मार्चमध्ये इथे त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून सुभाषबाबू अध्यक्ष झालेले, पण अंगात इतका ताप की मिरवणुकीला ते नव्हतेच. 52 हत्तींच्या त्या मिरवणुकीत रथावर त्यांची तसबीर होती. त्या अधिवेशनाची खूण म्हणून ही कमान ओळखली जाते. आजूबाजूला सराफा, पुढे बडा फुहारा, आणि 1889पासून खव्याची जिलबी तळणारे बडकुल हलवाई तिथलेच. दिवाळीच्या दिवसांत कमानीखालून सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. स्कूटरवाला मागून ‘बड्डे, जरा सरको’ म्हणून ओरडतो तेव्हा तो राजालाही तसंच ओरडला असता याची खात्री असते.

मराठी माणूस इथे नवा नाही. 1798 ते 1817 हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे तोफगाडीचा कारखाना, रेल्वे, तारखातं, कचेऱ्या यांनी आणखी माणसं आणली. आमचं घर मात्र 1956च्या खेपेचं. त्या वर्षी जुना मध्य प्रांत फुटला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, महाकोशल मध्य प्रदेशात आला, आणि सरकारी नोकरांना कुठे जायचं ते ठरवावं लागलं. माझे सासरे नागपूरला शेती खात्यात होते. ते जबलपूरला आले आणि कमानियाच्या मागच्या एका गल्लीत त्यांनी बिऱ्हाड थाटलं. गोलबाजारातलं दत्तमंदिर, गणपतीतली नाटकं आणि घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बुंदेली वळणाची हिंदी, असा आमचा संसार.

माझं माहेर भिवापूरचं. भिवापुरी मिरची ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला त्याआधीही तिचा माज कमी नव्हता. मिरची म्हणजे तिखट, आणि ज्या मिरचीने कानातून धूर निघत नाही ती मिरची नव्हेच, एवढं ज्ञान घेऊन मी लग्न होऊन आले. सासूबाई पूर्ण शाकाहारी. सासरे आणि हे खाणारे. म्हणून कोंबडीची सिगडी अंगणात, तिची पातेली वेगळी, तिचा पाटा-वरवंटाही वेगळा. ‘तिकडे काय वाटेल ते कर, फक्त पळी आत आणू नकोस,’ एवढाच सासूबाईंचा नियम होता आणि तो मला फार सोयीचा पडला. अंगणात मी राणी.

सेठजींच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती सावजी मसाल्याचं सामान आणायला. नागपूरचा सावजी रस्सा इकडे करायचा हा हट्ट. मी मिरची मागितली. त्यांनी कशासाठी विचारलं. नवी सून, भर बाजारात, समोर बसलेले कपाळाला चंदन लावलेले गृहस्थ, मी घुटमळले. त्यांनी ते एका क्षणात ओळखलं. मान खाली घालूनच म्हणाले, “नाम मत बताइए बहूजी, काम बताइए.”

एवढ्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं चाललं. पदार्थाचं नाव त्यांच्यापुढे घ्यायचं नाही हा अलिखित करार झाला, आणि त्यापायी मला दर वेळी सांगावं लागे की मिरचीने नेमकं काय करायला हवं आहे. रंग द्यायचा आहे? तिखट व्हायला हवं? वास हवा? की रस दाट करायचा आहे? मला तोवर माहीतच नव्हतं की मिरचीला इतकी कामं असतात. रंगासाठी ते ब्याडगी द्यायचे, सुरकुतलेली, तिखट जेमतेम. काश्मिरी त्याहून तेजस्वी रंगाची, पण पाण्यात टाकली की सालपट होणारी, दाटपणाला कुचकामी. तिखटासाठी गुंटूर. निमाडची मिरची, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून येणारी, ती तिखट आणि वास या दोन्ही कामांना. भिवापुरीचं नाव मी काढलं तेव्हा हसले आणि म्हणाले, ती चांगलीच आहे, पण ती बोलायला लागली की बाकीच्यांना बोलू देत नाही.

पारख कशी करायची तेही त्यांनीच दाखवलं. मिरची देठासकट घ्यायची. देठ गेला की वास तिथूनच पळतो. बोटाभोवती वाकवून बघायची: चांगली वाळलेली पण ताजी मिरची वाकते, जुनी कडकन तुटते. हलवली तर बिया खुळखुळतात किती ते ऐकायचं, कारण वजनात आपण बियांचे पैसे मोजतो. आणि नाक देठाजवळ न्यायचं, टोकाजवळ नाही. दुकानात गर्दी असली तरी त्यांनी मला कधी घाई केली नाही. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं कुरकुरायची. सेठजी त्यांना म्हणायचे, बसा, पाणी प्या.

ही झाली अर्धी शाळा. उरलेली अर्धी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत झाली, लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा.

शेजारी एक मेक्सिकन कुटुंब होतं. त्यांची आजी पुएब्ला शहराची. घरातले सगळे तिला आबुएला म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. वयाने ती माझ्या आईएवढी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मलाही कामापुरतंच. पहिल्या दिवशी मी फोडणीला सुकी मिरची टाकली आणि धुराचं यंत्र ठणाणा बोंबलायला लागलं. सगळे घाबरले. ती तेवढी हसत हसत दारात आली, हुंगलं, आणि आपल्या घरी जाऊन मूठभर काळपट-लाल मिरच्या घेऊन आली. मी त्यातली एक बोटाभोवती वाकवली आणि देठाशी नाक नेलं. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला कळलं. त्या दिवसापासून दुपारी बाळ निजलं की आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात.

तिचा पहिला पदार्थ तिंगा, पुएब्लाचाच. कोंबडी कांदा, लसूण, तमालपत्र आणि मीठ घालून नुसत्या पाण्यात मंद शिजवायची. उतरवायची, निवू द्यायची, मग हाताने तिचे धागे काढायचे. इकडे लोखंडी तव्यावर टोमॅटो, कांद्याच्या फाका आणि सालासकट लसूण, काळे डाग पडेपर्यंत कोरडेच भाजायचे. मिरच्या पुसून, चिरून, बिया काढून त्याच तव्यावर टाकायच्या, आणि इथे ती माझा हात धरून ठेवायची. वास सुटला की लगेच काढायच्या. मोजके क्षण. एक श्वास जास्त झाला तर रस्सा कडू होतो आणि मग गूळ घाला नाहीतर काही घाला, तो कडूच राहतो. मग त्या गरम पाण्यात पाव तास भिजवायच्या, टोमॅटो-कांद्याबरोबर गुळगुळीत वाटायच्या, गाळायच्या.

आणि मग जे ती करायची ते आपल्याकडे नाही. आपण कांदा परततो, मसाला परततो, त्यात कच्ची कोंबडी घालून तिच्याच रसात शिजवतो. ती वाटलेलं, गाळलेलं, पातळ वाटण तापलेल्या चरबीत एकदम ओतायची. चर्रकन उडायचं. ओट्यावर, भिंतीवर, माझ्या साडीवर. तशीच ढवळत राहायची. टोमॅटोचा लाल रंग हळूहळू विटकरी होत जायचा, कच्चा वास जायचा, आणि पळीने तळावर रेघ ओढली की ती रेघ क्षणभर तशीच राहायची. ती रेघ दिसली की कोंबडीचं पाणी घालायचं, आणि सगळ्यात शेवटी धागे. मांस आणि रस्सा दोघंही आपापलं शिजून, तयार होऊन मगच भेटतात. त्यामुळे रश्श्याची चव स्वच्छ राहते आणि मांस कोरडं होत नाही. या एका गोष्टीसाठी मी तिची जन्माची ऋणी आहे, कारण आपल्या मसाल्यांनाही ही रीत लागू पडते. आता सुकं चिकनसुद्धा मी पुष्कळदा असंच करते.

बाळाच्या बारशाला तिने मोले केलं. आम्ही पुरणपोळी केली होती. ती मोठं पातेलं घेऊन आली. दोन दिवस आधीपासून तिची तयारी चालली होती. आंचो, मुलातो, पासिया या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, घट्टपणाला वाळकी तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, आणि शेवटी थोडंसं चॉकलेट. मोलेत चॉकलेट असतं एवढंच ज्यांनी ऐकलेलं असतं त्यांना ते गोड असेल असं वाटतं. चॉकलेटचं तिथे काम कडवटपणा आणि गडद रंगाचं आहे, गोडीचं नाही. सेठजींनी हे वाक्य एका झटक्यात मान्य केलं असतं. तिळा-दाण्याचं भाजून केलेलं वाटण, दालचिनी, लवंग, तासन्‌तास आटवणं, हे सगळं बघताना मला सारखं माझ्या आईचं वाटण-घाटण आठवत होतं. आणि हे मलाच वाटलं असंही नाही. 1962 ते 1968 दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ओक्ताव्हियो पाझ यांनीही भारतावरच्या पुस्तकात मोले आणि आपला मसालेदार रस्सा यांच्यातल्या साधर्म्यावर लिहिलं आहे.

त्याच दिवशी तिने नातीचा फोटो दाखवला, झगमगत्या टिकल्यांच्या घागऱ्यातला. तो चिना पोब्लाना नावाचा पोशाख, आणि पुएब्लाची लोककथा त्याचं नातं मिर्रा नावाच्या एका हिंदुस्थानी मुलीशी जोडते. पोर्तुगीज चाच्यांनी पळवून मनिलात विकलेली ही मुलगी सतराव्या शतकात आकापुल्कोच्या बंदरातून पुएब्लाला पोचली, तिथे कातारिना दे सान हुआन या नावाने जगली आणि 1688 साली वारली. पोशाखाचा आणि तिचा संबंध इतिहासकार मानत नाहीत, कारण तो घागरा फार नंतरचा. पण बाई खरी. आबुएलाने माझ्या साडीच्या पदराला हात लावून काहीतरी म्हटलं. लेकीने सांगितलं की ती म्हणते आहे, तुमची एकजण आमच्याकडे आधीच आली आहे.

तसं बघितलं तर देणंघेणं दोन्हीकडून आहे. मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, पपई, सीताफळ हे सगळं अमेरिका खंडांतून पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी आलेलं. आणि ज्या पदार्थांना आपण मेक्सिकन म्हणतो त्यांतली कोंबडी मूळची आशियाची. तिकडे पूर्वी टर्की होती. कोथिंबीर, कागदी लिंबू, दालचिनी, लवंग, जिरं, हेही सगळं इकडच्या बाजूचं. 1565 ते 1815 मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. ती नसती तर आबुएलाच्या मोलेत दालचिनी कुठून येती, कोण जाणे.

परत येताना पेटीत तिने बांधून दिलेल्या मिरच्या होत्या. घरी पाणी प्यायले आणि पुडकं घेऊन कमानिया गाठलं. सेठजी तोवर म्हातारे झाले होते. गादीवर मुलगा बसायचा, ते बाजूच्या लोडाला टेकून. मी पुडकं पुढे ठेवलं. त्यांनी आंचो उचलली, वाकवली, देठाशी हुंगली, डोळे मिटले. “इसमें मुनक्का है.” मी म्हटलं, नाही हो, नुसती मिरची आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे मिरची आहे, पण वास मनुक्याचा आहे. जगभरची पाकपुस्तकं आंचोचं वर्णन करताना मनुक्याचंच नाव घेतात. कमानियाबाहेर फारसं न गेलेल्या माणसाने ते एका हुंगण्यात सांगितलं. ग्वाहियो हातात घेऊन म्हणाले, ही रंगाची, ब्याडगीची बहीण आहे. चिपोत्लेला मात्र नाक मुरडलं. “धुआँ बहुत है.” खरंच होतं; ती पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली असते.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. माझं पुडकं संपणारच होतं, इथल्या मालातून ती कामं करून घ्यायची होती. आंचोच्या जागी त्यांनी बसवलं ते असं: ब्याडगी जास्त, थोडी काश्मिरी, आणि त्यात चार-सहा काळे मनुके भिजवून वाटायचे. तिखटाला निमाडची एक-दोन. चिपोत्लेचं कोडं मात्र अंगणात सुटलं. त्याचं श्रेय गक्कड-भर्त्याला. नर्मदेच्या घाटांवर सहलीला गेलं की जबलपूरकर गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे भाजतात आणि त्याच आरात वांगी, टोमॅटो. ते टोमॅटो सोलून, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून कुस्करले की जे होतं, ते पुएब्लात भाजक्या टोमॅटोचा साल्सा म्हणून ताटात वाढतील आणि कुणाला शंका येणार नाही. मी सिगडीच्या कोळशावर टोमॅटो-कांदा भाजायला लागले, आणि शेवटी रश्श्यात वाटी ठेवून निखाऱ्यावर तुपाचा थेंब सोडून झाकण घातलं. धूर मिरचीतून न येता असा आला. चिपोत्ले नव्हे, पण तिचं काम झालं.

ज्यांना प्रमाण हवं असतं त्यांच्यासाठी: एक किलो कोंबडीला आठ-दहा ब्याडगी, चार काश्मिरी, दोन निमाडी, सात-आठ मनुके, पाव किलो आंबट टोमॅटो, दोन मोठे कांदे, सहा लसूणपाकळ्या. जिरं चिमूटभर, दालचिनीचा नखाएवढा तुकडा. मेक्सिकन ओरेगानोऐवजी कुंडीतल्या ओव्याच्या जाड पानांतली दोन पानं. वास अगदी तो नाही, पण जवळचा आहे. तेल जरा सढळ हाताने, कारण वाटण तळायचं आहे. वरून लिंबू, कोथिंबीर, बारीक कांदा, आणि चीजऐवजी घरचं खारवलेलं पनीर चुरून. आबुएलाकडचं चीज तसंच होतं, पांढरं, ताजं, भुसभुशीत. पिवळं वितळणारं चीज ओतणं आणि जिऱ्याचा भपकारा मारणं हे टेक्ससच्या बाजूचं आहे. दुकानात मेक्सिकन म्हणून जी पुडी मिळते ती बहुतेक जिऱ्या-ओरेगानोची पूड असते. ती घालून कोंबडी वाईट होते असं नाही. पण मिरचीची चव त्यात शोधू नका, ती तिथे नसते.

युकातानकडची पिबिल कोंबडीही आम्ही केली. तिला आचिओते लागतं, म्हणजे शेंदरीच्या बिया. सेठजींनी मागच्या फळीवरून एक डबा काढून दिला. लोण्या-चीजला रंग द्यायलाही याच वापरतात. तिकडच्या आंबट संत्र्याऐवजी नागपुरी संत्र्याच्या रसात लिंबू पिळायचं, केळीच्या पानात गुंडाळून मंद शिजवायचं. हिवाळ्यात करावी. एवढंच पुरे तिच्याविषयी.

तोर्तियाने मात्र घरात वेगळंच काही घडवलं. आबुएला मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची हे मी जेवताना सांगितलं, आणि सासरे ताटावर सावरून बसले. एरवी ते फार बोलत नसत. म्हणाले, “अगं, हा तर खानखोज्यांचा देश.” मला काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, आणि 1924 साली मेक्सिकोला पोचले. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, गव्हावर आणि मक्यावर काम केलं, मक्याचा त्याच्या रानटी भावंडाशी, तिओसिंतेशी, संकर घडवला, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्यांचं जे चित्र काढलं, त्यात खानखोजे आहेत. इंग्रजांच्या काळ्या यादीमुळे त्यांना आयुष्याची कितीतरी वर्षं देशात पाऊल टाकता आलं नाही. शेवटी ते नागपूरला परतले आणि 1967 साली तिथेच वारले. इकडे त्रिपुरीला हत्तींची मिरवणूक निघाली त्या वर्षी वऱ्हाडाशेजारचा हा मराठी माणूस मेक्सिकोत मक्याची कणसं निवडत होता. सासऱ्यांच्या खात्यातली जुनी माणसं त्यांचं नाव काढताना आवाज खाली आणत, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः पानवाल्याकडून चुना आणला. किलोभर वाळका मका, दहा ग्रॅम चुना, तीन लिटर पाणी. पाऊण तास उकळून रात्रभर तसंच झाकून. सकाळी दाण्यांची सालं हातात सुटून आली. अंगणात पाटावर बसून ते मका चोळून चोळून धूत होते आणि मला समजावत होते: चुन्याने मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं, आणि पीठ चिकट होऊन त्याची पोळी लाटता येते. स्पॅनिश लोकांनी मका जगभर नेला पण ही चुन्याची रीत तिथेच सोडली, म्हणून युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. सासूबाई दारातून बघत होत्या. मका शाकाहारी असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती. पाट्यावर वाटून थापलेल्या त्या जाडजूड तोर्तिया त्यांनी लोणच्याशी खाल्ल्या आणि भाकरीपेक्षा बऱ्या आहेत असा निकाल दिला. तिंगा त्यांच्या शेजारी बसून आम्ही खाल्ला. पळी आत नेली नाही.

आबुएलाला मी काय दिलं? तिला काळ्या मसाल्याचा डबा पाठवला, आणि माझ्या माहेरच्या मिरच्या. लेकीने कळवलं की त्या मिरच्या खाऊन तिचे मुलगे पाणी पाणी झाले आणि ती खूश झाली. ती गेली तेव्हा लेकीने तिच्या घरी जाऊन स्वयंपाक केला. कोणता ते मी विचारलं नाही.

सेठजींच्या दुकानात आमचं मासिक खातं होतं. ते गेल्यावर मुलाकडे हिशेब करायला गेले. लाल वहीत सगळं होतं: हळद, धने, खसखस, पापडखार, साल-महिना-तारखेसकट. प्रयोगांच्या मिरच्या मात्र कुठेच नव्हत्या. इतक्या वर्षांच्या, इतक्या वेळच्या. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, पिताजी म्हणायचे की बहूजी नेतात तो माल नाही, नमुना आहे, आणि नमुन्याचे पैसे लिहायचे नसतात. मी पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, वहीत नाही ते मी कसं घेऊ? व्यापाऱ्याच्या पोराशी हिशेबावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

त्यांचा नातू बेंगळुरूला असतो. तो कोंबडी खातो हे मला ठाऊक आहे, आणि तिंग्याची कृती त्याने माझ्याकडून फोनवर उतरवून घेतली हेही. ‘दादाजी कौन सी मिर्च देते थे?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला प्रमाण सांगितलं, पण आधी त्याच्याकडून वदवून घेतलं की त्याला रंग हवा आहे, तिखट हवं आहे, की दाटपणा. त्याने बराच विचार केला आणि वास, म्हणाला. पोरगं घराण्यातलं आहे.

आता तुम्ही करणार असाल तर एवढं सांगते. ब्याडगीची नवी मिरची जानेवारीनंतर बाजारात येते, तेव्हा वर्षाची घ्या. देठासकट घ्या, वाकवून बघा. आणि दुकानदार हुंगू देत नसेल तर मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जा.